ऑनलाइन डॉक्टरचा सल्ला कसा घ्यावा: नागपूरच्या घरांसाठी मार्गदर्शक

काटोल, उमरेड किंवा रामटेककडून नागपूरला डॉक्टरकडे यायचे म्हणजे सगळा दिवस मोडतो. शहरातल्या शहरातही मानेवाड्याहून मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जायचे, चिठ्ठी काढायची, नंबरची वाट पाहायची, मग औषधाच्या रांगेत उभे राहायचे, यात दुपार उलटते. म्हणून "दवाखान्यात जायचं काऊन, मोबाइलवर होते ना सगळं" हे आता घरोघरी ऐकू येते. बऱ्याचदा ते खरेही असते. आईचा रक्तदाब आणि साखर, काकांचे थायरॉइड, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांची नेहमीची औषधे यांसाठी मी ऑनलाइन सल्ला नियमित घेते. कुठे अडते, काय विचारावे लागते आणि बिघडले तर दाद कुठे मागायची, हे पहिल्यांदाच या वाटेने जाणाऱ्यांना आधी कळावे, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. डॉक्टरशी गाठ घालून देणारे ॲप चालवायला आपल्याकडे वेगळा वैद्यकीय परवाना लागत नाही. नोंदणी असते ती डॉक्टरची. २५ मार्च २०२० ला, टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि ती डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेला परिशिष्ट म्हणून जोडली. ऑगस्ट २०२३ मध्ये नवी आचारसंहिता आली, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली. त्यामुळे आपल्या हातात आहेत ते २०२० चे नियम. ते चांगले आहेत, पण कॉल चालू असताना ते पाळले जातात की नाही हे बघायला तिथे कोणी अधिकारी बसलेला नसतो. ते आपल्यालाच बघावे लागते. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आणि लेखी प्रिस्क्रिप्शन या दोन गोष्टी हाती असतील, तर पुढची प्रत्येक दाद मागता येते. त्या नसतील, तर तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करायची इथेच गाडी अडते.

१. हा त्रास फोनवर बघण्यासारखा आहे का, ते आधी ठरवा

छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, अचानक हात-पाय लुळे पडणे, बेशुद्धी, फिट, थांबत नसलेला रक्तस्राव, साप-विंचू: यांत ॲप उघडूच नका. १०८ ला फोन लावा किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. अशा वेळी ऑनलाइन डॉक्टरने प्रथमोपचार सांगून रुग्णाला ताबडतोब प्रत्यक्ष तपासणीला पाठवायचे असते, असे नियमच सांगतो.

नागपूरचे म्हणून तीन प्रसंग वेगळे सांगते.

उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की उन्हातून आलेला माणूस बरळू लागला, अंग तापून कोरडे पडले, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असू शकतो. व्हिडिओ जोडला जाईपर्यंत वाट पाहू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि निघा.

पावसाळा. डेंग्यूत खरी भीती असते ती ताप उतरू लागतो तेव्हा. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची सुस्ती ही लक्षणे दिसली तर "ताप तर गेला" म्हणून घरी थांबू नका.

तिसरा आहे स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात याचे बरेच रुग्ण सापडले होते. गवत-झुडपांत राहणाऱ्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून तो होतो. चावल्याच्या जागी बऱ्याचदा काळी खपली धरते, आणि ती काखेत, जांघेत किंवा कमरेच्या घडीत असते. रुग्णाला ती जाणवतही नाही. कॅमेऱ्यात चेहरा दिसतो, काख दिसत नाही. म्हणून शेतात, रानात, गवतात जाणे झाले असेल आणि ताप दोन-तीन दिवसांत उतरला नसेल, तर प्रत्यक्ष तपासून घ्या आणि शेतात गेल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा. वेळेवर ओळखला तर यावर साधे, स्वस्त औषध आहे.

ऑनलाइन नीट जमते ते असे: रक्तदाब, साखर, थायरॉइड यांचा पाठपुरावा, रिपोर्ट दाखवून पुढे काय ते विचारणे, दुसरे मत, त्वचेचे साधे त्रास, आहाराचा सल्ला, मानसिक आरोग्य. तान्ह्या बाळाचा ताप मात्र फोनवर काढू नका.

२. सेवा निवडा

सरकारी ई-संजीवनीपासून सुरुवात करा. ती मोफत आहे. मोबाइल क्रमांक आणि ओटीपीने नोंदणी होते, टोकन मिळते, डॉक्टर व्हिडिओवर येतात आणि शेवटी प्रिस्क्रिप्शन उतरवून घेता येते. गावात राहत असाल तर उपकेंद्रातल्या किंवा आरोग्य केंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. ते त्यांच्याकडून कॉल जोडून देतात, रक्तदाब मोजतात आणि डॉक्टरचे बोलणे समजावूनही सांगतात. ज्यांना मोबाइल हाताळता येत नाही त्यांच्यासाठी माझ्या मते हाच सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे.

मन फार खचले असेल, झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. मराठीत बोलता येते.

खासगीत पहिली पसंती तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्याच ऑनलाइन वेळेला द्या. त्यांनी तुम्हाला तपासलेले असते, तुमची फाइल त्यांच्याकडे असते. अनोळखी डॉक्टर देणारी ॲप्स सगळ्यात शेवटी.

सापळा: दवाखान्याचा अपॉइंटमेंटचा नंबर गूगलवर शोधून वर आलेला पहिलाच नंबर फिरवू नका. भामट्यांचे नंबर तिथे पेरलेले असतात. "फक्त दहा रुपये भरा" म्हणून लिंक येते किंवा व्हॉट्सॲपवर एखादी फाइल उतरवायला सांगतात, आणि बँकेचे खाते रिकामे होते. नंबर जुन्या केसपेपरवरून, पावतीवरून किंवा दवाखान्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

३. डॉक्टरची नोंदणी तपासा

ही पायरी पैसे भरण्याआधीची आहे. नंतर तपासून फार उपयोग नसतो.

ॲपवर जितके डॉक्टर दाखवले असतील त्या प्रत्येकाचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि संपर्क देणे ॲपवर बंधनकारक आहे. "व्हेरिफाइड"चा हिरवा शिक्का म्हणजे नोंदणी क्रमांक नव्हे. "१५ वर्षांचा अनुभव", "४.९ तारे" हेही नव्हे.

क्रमांक मिळाला की राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर जा. तिथे भारतीय वैद्यक नोंदवही आहे. नाव किंवा क्रमांक आणि राज्याची वैद्यक परिषद (डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था) निवडून शोधता येते. नाव, नोंदणीचे वर्ष, परिषद आणि पदवी जुळते का ते पाहा. नव्या डॉक्टरांची किंवा पुढच्या पदव्यांची नोंद तिथे कधीकधी उशिरा चढते, त्यामुळे नाव दिसले नाही म्हणून लगेच बोगस ठरवू नका. डॉक्टर महाराष्ट्रातले असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावरही बघा. महाराष्ट्रात डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, म्हणून नाव असले तरी नोंदणी चालू आहे का, हेही पाहण्यासारखे आहे.

इथे लोक तीन ठिकाणी गोंधळतात.

पहिले, पॅथी. होमिओपॅथी आणि आयुर्वेदाच्या डॉक्टरांनाही ऑनलाइन सल्ल्याची परवानगी आहे, त्यांचे स्वतंत्र नियम २०२० मध्येच आले. पण त्यांची नोंदणी त्यांच्या त्यांच्या परिषदांकडे असते. एमबीबीएसच्या नोंदवहीत बीएएमएस डॉक्टरचे नाव शोधत बसू नका. कोणत्या पॅथीचे औषध हवे ते तुम्ही आधी ठरवा आणि पदवी पाहून घ्या.

दुसरे, राज्य. नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टर देशातल्या कोणत्याही भागातल्या रुग्णाला ऑनलाइन सल्ला देऊ शकतो. तुमचे डॉक्टर बंगळूरचे असतील तर त्यात गैर काही नाही. फक्त त्यांची परिषद कोणती ते टिपून ठेवा, कारण पुढे तक्रार करायची वेळ आली तर ती तिथे जाते.

तिसरे, "हेल्थ कोच", "वेलनेस एक्स्पर्ट", "आहारतज्ज्ञ". यांचा सल्ला घ्यायचा तर घ्या, पण इन्सुलिनचे युनिट कमी-जास्त करायला किंवा गोळी बंद करायला यांपैकी कोणी सांगितले, तर ते ऐकू नका.

४. कागद आणि साधने जवळ ठेवा

कॉल जोडल्यावर फाइल शोधत बसले की दहा मिनिटांतली पाच तिथेच जातात. हे आधी काढून ठेवा:

- रुग्णाचे ओळखपत्र. डॉक्टर वय आणि ओळख विचारू शकतात.
- आधीचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, गेल्या सहा महिन्यांतले रिपोर्ट. फोटो उजेडात, सपाट ठेवून काढा. तारीख आणि रुग्णाचे नाव दिसले पाहिजे.
- चालू औषधांच्या पट्ट्या. "ती पांढरी छोटी गोळी" सांगून चालत नाही, पट्टीवरचे नाव आणि मिलिग्रॅम दिसू द्या. आयुर्वेदिक काढे आणि चूर्णेही सांगा.
- घरी मोजलेले वजन, ताप, रक्तदाब, साखर, वेळेसकट.
- कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते. गरोदरपण किंवा अंगावर पाजणे असेल तर न विचारता सांगा.
- घरात कोणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर तेही. विदर्भात हा आजार बराच आहे आणि बाहेरच्या डॉक्टरच्या ते चटकन लक्षात येईलच असे नाही.
- कागद आणि पेन.

आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) असेल तर रिपोर्ट एकत्र ठेवायला बरा. तो काढणे ऐच्छिक आहे.

५. कॉल सुरू असताना

सल्ला तुम्ही मागितला असेल तर तुमची संमती त्यातच धरली जाते. डॉक्टर, आरोग्यसेवक किंवा काळजीवाहू यांच्यापैकी कोणी कॉल सुरू केला असेल, तर रुग्णाची स्पष्ट संमती नोंदवावी लागते. डॉक्टरांनी आपले नाव आणि पदवी सांगितली पाहिजे. सांगितली नाही तर शांतपणे विचारा, चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

१६ वर्षांपर्यंतच्या मुलांसोबत मोठे माणूस असलेच पाहिजे.

मुलगा पुण्यात आणि आईवडील इथे नागपूरच्या नंदनवन भागात, असे आपल्याकडे हजारो घरांत आहे. मुलगा तिकडून डॉक्टरशी बोलतो आणि आईला औषध पाठवतो. यात नियमही मोडू शकतो आणि धोकाही आहे. रुग्ण स्वतः बोलू शकत असेल तर त्याला कॉलवर घ्या. त्याच्याऐवजी दुसऱ्याने बोलायचे तर रुग्ण लहान किंवा अक्षम असावा, नाहीतर नाते किंवा अधिकार दाखवणारा कागद असावा. सोपा उपाय हा की तिघांचा एकत्र व्हिडिओ कॉल लावा. पाय सुजलेत हे मुलाला माहीत नसते, आई ते कॅमेऱ्यात दाखवते.

पहिलीच भेट असेल तर व्हिडिओचाच आग्रह धरा. चॅटवर दोन ओळी लिहून औषध घेणे सोयीचे वाटते, पण त्यात डॉक्टरला तुमचा श्वास दिसत नाही, डोळ्यांचा पिवळेपणा दिसत नाही.

संगणकाचा बॉट तुमची लक्षणे विचारून टिपून घेत असेल तर हरकत नाही. पण कृत्रिम बुद्धिमत्तेने रुग्णाला सल्ला देणे किंवा औषध लिहून देणे या नियमांना मान्य नाही. ती तंत्रे डॉक्टरला मदत करू शकतात, निर्णय डॉक्टरनेच घ्यायचा. पलीकडे माणूस आहे की नाही अशी शंका आली तर व्हिडिओ मागा. मिळत नसेल तर कॉल बंद करा. मध्येच थांबण्याचा हक्क तुम्हालाही आहे.

"प्रत्यक्ष दाखवा" असे डॉक्टर म्हणाले तर पैसे वाया गेले असे समजू नका. तो नीट दिलेला सल्ला आहे. आमच्याकडे आईच्या पायाची जखम पाहून एका डॉक्टरांनी औषध लिहायला साफ नकार दिला आणि मेयो या सरकारी रुग्णालयात दाखवायला सांगितले. साखरेच्या रुग्णाच्या पायाबाबत मला तसाच डॉक्टर हवा.

६. प्रिस्क्रिप्शन ओळीओळीने वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

त्यावर हे असले पाहिजे: डॉक्टरचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, पत्ता-संपर्क, तारीख, रुग्णाचे नाव-वय, तक्रार, निदान किंवा तात्पुरते निदान, औषधाचे नाव, ताकद, किती वेळा, किती दिवस, आणि सही. नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवरही हवा आणि पैशाच्या पावतीवरही. एका ॲपकडून काकांना आलेल्या चिठ्ठीवर तो नव्हता. चॅटवर मागितला तर "आमचे सर्व डॉक्टर व्हेरिफाइड आहेत" एवढेच उत्तर आले. तक्रार अधिकाऱ्याला नियमाचा उल्लेख करून लेखी ईमेल गेला तेव्हा क्रमांकासह नवी चिठ्ठी आली. मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि लेखी मागितले की बहुधा मिळते.

आता औषधे. नियमांत त्यांचे गट पाडले आहेत.

साधी, प्रिस्क्रिप्शनशिवायही मिळणारी औषधे, म्हणजे पॅरासिटामॉल, ओआरएस वगैरे, कोणत्याही प्रकारच्या सल्ल्यात सांगता येतात.

दुसऱ्या गटातली औषधे पहिल्या भेटीत लिहायची तर ती भेट व्हिडिओवरच झाली पाहिजे. त्वचेची काही मलमे, डोळ्यांचे काही थेंब यात येतात. साखर-रक्तदाबाच्या चालू गोळ्या पुढे चालू ठेवणेही याच गटात आहे.

तिसरा गट पाठपुराव्याचा. त्याच डॉक्टरने त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासले असेल, तर आधीच्या औषधात भर घालता येते. उदाहरणार्थ, मेटफॉर्मिन चालू असताना साखरेची आणखी एक गोळी. सहा महिने उलटले की ती पुन्हा पहिली भेट धरतात. म्हणून आम्ही आईला सहा महिन्यांच्या आत एकदा दवाखान्यात नेतोच, मग मधल्या भेटी फोनवर होतात.

चौथा गट बंदीचा. शेड्यूल एक्समधली (औषध नियमांतल्या सर्वांत कडक यादीतली) औषधे आणि अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येणारी मॉर्फिन, ट्रामाडॉल, अल्प्राझोलम यांसारखी औषधे ऑनलाइन लिहून देता येत नाहीत. कोणी सहज लिहून देत असेल तर त्याच्यापासून दूर राहा, आपली सोय होत असली तरी.

सापळा: दोन दिवसांची सर्दी आणि चॅटवर लगेच अँटिबायोटिक. ही औषधे पॅरासिटामॉलच्या गटात येत नाहीत, पट्टीवरची लाल रेघ त्याचसाठी असते. "हे कशासाठी? रक्त तपासायला हवे का?" असे विचारा. निदान किंवा तात्पुरते निदान न करता औषध लिहिणे हा डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तनाचा विषय आहे.

७. औषध कुठून घ्यायचे ते तुम्ही ठरवा

ॲपच्याच दुकानातून औषध घ्या अशी सक्ती कोणी करू शकत नाही. तुमच्या संमतीशिवाय प्रिस्क्रिप्शन थेट दुकानाला पाठवणेही चालत नाही. मी गल्लीतल्या फार्मासिस्टकडून घेते, कारण दोन औषधे एकमेकांना चालत नसतील तर ते फोन करून सांगतात. बिल घ्याच, आणि बॅच क्रमांक पट्टीशी ताडून पाहा.

८. सगळे जपून ठेवा

प्रिस्क्रिप्शन, पावती, चॅट, कॉलची तारीख-वेळ एका फोल्डरमध्ये ठेवा. ॲप काढून टाकण्याआधी सगळे उतरवून घ्या. डॉक्टरकडची नोंद हवी असेल तर लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय कागद देणे २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

९. बिघडले तर कुठे जायचे

प्रश्न कोणता आहे त्यावर दार ठरते. चुकीच्या दारात महिने जातात.

पैसे परत न मिळणे, डॉक्टर आलाच नाही, चिठ्ठी नाही: आधी ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा लागतो. फोनवर बोलू नका, लिहा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

डॉक्टरचे वागणे किंवा उपचार: ज्या राज्याची नोंदणी त्या राज्याची वैद्यक परिषद. महाराष्ट्राची मुंबईत आहे. अर्ज लेखी, सहीचा, कागदांसह द्या. निर्णय सहा महिन्यांत व्हावा असे नियम म्हणतो, प्रत्यक्षात धीर धरावा लागतो. परिषद डॉक्टरवर कारवाई करते, भरपाई देत नाही.

भरपाई हवी: जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे ॲपचे कार्यालय कुठेही असो, तुम्ही नागपुरातच दाखल करा. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही होते. मुदत दोन वर्षांची. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. निष्काळजीपणा दाखवायला दुसऱ्या डॉक्टरचे लेखी मत बहुतेक वेळा लागते, ते आधी मिळवा. पूर्णपणे मोफत सेवा मात्र या कायद्यात बसत नाही.

नोंदणीच नसलेला माणूस डॉक्टर म्हणून बसला असेल: पोलिसांत जा. सोबत शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाला आणि ग्रामीण भागात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा.

औषध नकली किंवा मुदतबाह्य वाटते: अन्न व औषध प्रशासन, टोल-फ्री १८००-२२२-३६५. पट्टी आणि बिल फेकू नका.

पैशाची फसवणूक: १९३०. पहिल्या तासा-दोन तासांत फोन गेला तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. आधी फोन करा, घरात चर्चा नंतर.

प्रत्येक अर्जाला हे जोडा: डॉक्टरचे नाव आणि नोंदणी क्रमांक, प्रिस्क्रिप्शन, पावती, चॅटचे पान, आणि काय झाले ते तारखेनुसार एका पानात. मूळ कागद स्वतःकडे ठेवा, छायाप्रती द्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.